बिनचाकी गाड्यांचें थोतांड

विज्ञानकथेंतील भविष्यकाळ ओळखण्याची एक सोपी खूण होऊन बसली आहे. गाडीचीं चाकें काढून टाकावीं, ती जमिनीपासून हातभर उंच अधांतरीं ठेवावी, कीं भविष्यकाळ तयार! हा सौदा इतका स्वस्त आहे कीं त्याची किंमत कोणीं चुकविली, हें विचारण्याचें भान लेखकांस राहत नाहीं, आणि वाचकांसही राहूं नये अशी त्यांची इच्छा दिसते.

चाकाचा गुण केवळ फिरण्यांत नाहीं. जमिनीला धरून राहण्यांत आहे. गाडी वळते, थांबते, चढ चढते ती या पकडीच्या बळावर. पकड सुटली तर वळणावर गाडी सरळ पुढेंच जाणार. ही आमची शंका हवेंतली नव्हे. ख्रिस्तोफर कॉकरेल यांनीं हवेच्या उशीवर चालणारें वाहन खरोखरच सिद्ध केलें. १९५९ च्या जुलै महिन्यांत तें फ्रान्सहून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडला आलें. पुढें १९६८ पासून २००० सालापर्यंत अशीं मोठीं वाहनें प्रवासी व मोटारी घेऊन त्या खाडींत ये-जा करीत होतीं. पण त्यांचा तो कर्णकर्कश आवाज, भोंवतालीं उडणारा तुषारांचा लोट, आडव्या वाऱ्यानें बाजूस सरकण्याची ती खोड! यांपैकीं एकही गोष्ट आमच्या कथानायकाच्या वांट्याला येत नाहीं. त्याची गाडी निःशब्द, स्वच्छ, आणि उभी असतांही अधांतरींच. त्या वेळीं तिला कोण पेलून धरतें, असें विचारील तो अरसिक!

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील अशी गाडी ट्यूनिशियाच्या वाळवंटांत धांवली, ती प्रत्यक्षांत तीन चाकांवर. चाकें दिसूं नयेत म्हणून खालीं आरसे लाविले होते व त्यांत वाळूच दिसे. या युक्तीबद्दल आमची तक्रार नाहीं. नाटक म्हटलें कीं पडदे आलेच. पण लेखणीजवळ आरसे नसतात. तेथें चाकें लपवावयाचीं तीं विचारानें, आणि विचाराचा कंटाळा म्हणजे कल्पनाशक्ति नव्हे.

कोणी म्हणतील, कल्पित कथेला पदार्थविज्ञानाचे नियम कशाला? त्यांस आम्ही एच्. जी. वेल्स यांची चंद्रावर गेलेल्या पहिल्या माणसांविषयींची १९०१ सालची कादंबरी दाखवूं. गुरुत्वाकर्षण अडविणारा पदार्थ वेल्सनीं निव्वळ कल्पनेनेंच निर्माण केला. पण तो तयार होतांच त्याच्या वरची हवा वजनरहित होऊन उसळते, वादळ उठतें, संशोधकाच्या घराचें छप्पर उडून जातें. एक असत्य गृहीत धरल्यावर पुढील सर्व सत्य सांगण्याचा हा प्रामाणिकपणा! १९८९ च्या ‘बॅक टु द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागांत, चित्रपट विनोदी असूनही, तो क्षणभर डोकावतो. नायकाची तरंगती फळी तळ्यावर येते आणि तेथेंच अडकते; पाय रेटावयाला खालीं जमीनच नाहीं. त्या फजितींत आम्हांस शंभर निःशब्द गाड्यांहून अधिक विज्ञान आढळलें.

यापुढें अशी गाडी घेऊन एखादी कादंबरी आमच्याकडे परीक्षणास आली, तर ती गाडी वळते कशी, एवढेंच आम्ही प्रथम विचारणार आहों.