खदीजांच्या मैत्रिणींचा वाटा

आज दहावा रोजा. रमजानचा पहिला अशरा, म्हणजे रहमतचे दहा दिवस, आज पूर्ण होतात. इस्लामी परंपरेत हाच दिवस हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनाचा मानला जातो. साल इसवी सन 619. त्याच वर्षी प्रेषित मुहंमद (स.) यांना लहानपणापासून सांभाळणारे चुलते अबू तालिबही गेले. इतिहासात त्या वर्षाला ‘आमुल हुज्न’ म्हणजे दुःखाचे वर्ष असे नाव पडले. एका पत्नीच्या जाण्याने वर्षाचे नाव बदलावे, अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

हजरत खदीजा मक्केच्या कुरैश कबिल्यातल्या मोठ्या व्यापारी. त्यांचे काफिले सीरियापर्यंत जात. अशाच एका काफिल्याची जबाबदारी त्यांनी तरुण मुहंमदांवर सोपवली. व्यवहारातला चोखपणा पाहिला आणि नफीसा नावाच्या मैत्रिणीकरवी लग्नाची विचारणा स्वतःहून केली. पूर्वी दोनदा वैधव्य आलेले. प्रचलित नोंदींनुसार त्या चाळीस वर्षांच्या, ते पंचवीस वर्षांचे. काही नोंदी त्यांचे वय कमी सांगतात. सुमारे पंचवीस वर्षांचा संसार झाला. चार मुली वाढल्या, मुलगे बालपणीच गेले. खदीजा हयात असेपर्यंत प्रेषितांनी दुसरा विवाह केला नाही.

610 मध्ये हिरा गुहेतून प्रेषित थरथरत घरी आले, तेव्हा त्यांच्या अंगावर पांघरूण घालणाऱ्या आणि धीर देणाऱ्या खदीजाच होत्या. तुम्ही नातेवाइकांना जपता, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्यांचा मान राखता. अल्लाह तुम्हाला एकटे टाकणार नाही, अशा अर्थाचे त्या बोलल्या. हा एखाद्या विद्वानाचा युक्तिवाद नव्हता. पंधरा वर्षे एका छताखाली राहून नवऱ्याला ओळखणाऱ्या बायकोची ती साक्ष होती. पुढे कुरैशांनी बहिष्कार टाकला. जवळपास तीन वर्षे उपासमार झाली. कधीकाळी काफिल्यांची मालकीण असलेली ही बाई त्या दरीत सर्वांबरोबर राहिली. बहिष्कार उठल्यावर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

मला मात्र नेहमी यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढची अनेक वर्षे प्रेषितांच्या घरी बकरा कापला गेला की त्यातला वाटा खदीजांच्या मैत्रिणींकडे जात असे. एकदा खदीजांची बहीण हाला दारात आली. आवाज ऐकताच खदीजांच्या आठवणीने ते हलून गेले. बद्रच्या लढाईनंतर थोरली मुलगी जैनब हिने कैदेतल्या पतीच्या सुटकेसाठी आपला हार पाठवला. तो आईने लग्नात दिलेला. हार पाहून प्रेषितांना भरून आले आणि सोबत्यांना विचारून त्यांनी तो मुलीला परत केला. हजरत आयेशा (रजि.) यांनी स्वतः सांगितले आहे की, जिला कधी पाहिलेही नाही त्या खदीजांचाच त्यांना सर्वांत जास्त हेवा वाटे.

वर्गात आणि व्याख्यानांत हे सगळे मी कितीदा सांगितले आहे. आता घरचे सांगतो.

अम्मीला जाऊन चार वर्षे झाली. अम्मी आणि शेजारच्या वाड्यातल्या काकू, दोघी एकाच वर्षी या गल्लीत सून म्हणून आल्या. होळीला काकूंकडून पुरणपोळी येई. ईदला अम्मी काकूंसाठी वेगळ्या पातेल्यात शीरखुर्मा करी, कारण काकू शाकाहारी आणि अम्मीला त्यांच्या मनात किंतुसुद्धा येऊ द्यायचा नव्हता. अम्मी गेली. पहिली ईद आम्ही केलीच नाही. दुसऱ्या ईदला धांदलीत राहून गेले. तिसऱ्या ईदला तर आठवणही झाली नाही.

गेल्या वर्षी काकू किराणा दुकानात भेटल्या. म्हणाल्या, “अरे, तुझ्या अम्मीचा डबा माझ्याकडेच राहिलाय. तिचं नाव कोरलेला. रिकामा कसा पाठवू म्हणून ठेवलाय, आणि आता गुडघ्यांमुळे हातून काही होत नाही.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले. अम्मीच्या नावाने आम्ही कुरआनखानी केली, गरिबांना जेवण दिले, दरवर्षी दुआ मागतो. पण तिची चाळीस वर्षांची मैत्रीण भिंतीपलीकडे एकटी बसली होती, हे आम्हाला दिसले नाही. मैत्रिणींचा वाटा मी फक्त वर्गात शिकवत राहिलो.

आपल्याकडे बाईची आठवण तिच्या फोटोभोवती किंवा फातेहाभोवती थांबते. ती जिवंत असताना सहेरीला सर्वांच्या आधी उठते आणि दस्तरखानवर सर्वांच्या शेवटी बसते. तिची मेहर अनेक घरांत निकाहनाम्याच्या कागदावरच राहते. खदीजांचे गुणगान करणाऱ्या आमच्याच समाजात तरुण विधवेच्या दुसऱ्या निकाहाचा विषय निघाला की थोरले आवाज खाली आणतात. शरियतने वाट दिली आहे, उंबरठा आम्ही अडवतो. हिंदू घरांतही हे वेगळे नाही. विधवा विवाहाचा कायदा 1856 चा. तरीही कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव करायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला 2022 साल उजाडावे लागले. त्या गावाचे कौतुकच आहे. प्रश्न आपल्या सर्वांच्या उशिराचा आहे.

हजरत खदीजांची आठवण ठेवायची तर त्यांच्यासारख्या बाईला आपल्या घरात जागा हवी. तिच्या कमाईवर तिचा हक्क हवा, तिच्या निर्णयाला मान हवा आणि तिचे उपकार चारचौघांत बोलून दाखवायची नवऱ्याला लाज वाटू नये. ती हयात असताना हे झाले, तर मागाहूनच्या दुआंनाही वजन येईल.

गेल्या ईदला माझ्या पत्नीने वेगळ्या पातेल्यात शीरखुर्मा केला. मी तो घेऊन गेलो. काकूंनी अम्मीचा डबा काढला आणि चार खडीसाखरेचे खडे घालून माझ्या हाती दिला. मी तो घरी आणला नाही. शीरखुर्मा त्यातच ओतून त्यांच्याकडे ठेवून आलो. या ईदला तो न्यायला जायचे आहे.

तुमच्याही आईची एखादी मैत्रीण असेल. ईद, पाडवा, दिवाळी, कशाचीही वाट न पाहता तिच्याकडे जाऊन या.