जुन्या ट्रकचे घोडे

गेले दोन आठवडे आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे: भाच्याचा ट्रक. टाटा १६१२, जुना, टर्बो नसलेलं साधं ६९७ इंजिन. रत्नागिरीकडून चिरा भरायचा आणि आंबा घाट चढायचा, तर म्हणे "गाडी ओढत नाही". एका मिस्त्रीने सांगितलंय, पंप वाढवून देतो, वर एक वापरलेला टर्बो बसवू, एकशे साठ घोडे नक्की! ग्रुपवर मी दोन ओळी लिहिल्या, तर वर हसण्याचे चेहरे आले. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. (नोकरीची पहिली सहा वर्षं डिझेल पंपाच्या टेस्ट बेंचवर काढलीत, एवढा अधिकार गृहीत धरा.)

आधी नावातली गंमत. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२० घोडे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलीमीटर बोअर. मूळ घराणं मर्सिडीजचं, टेल्कोचा त्यांच्याशी १९५४ ते १९६९ करार होता त्या काळचं. सव्वाचार... नाही, पावणेसहा लिटरच्या जरा आतलं इंजिन, ५.६७५. आता हे इंजिन २४०० फेऱ्यांना मिनिटाला साधारण ६,८०० लिटर हवा ओढू शकतं. प्रत्यक्षात वाटेतले अडथळे धरून पाच-सहा हजार, म्हणजे वजनात सहा-सात किलो. एक किलो डिझेल जळायला कागदोपत्री साडेचौदा किलो हवा लागते, पण धूर नको असेल तर अठरा-वीस किलो हवी. गणित करून बघा, उत्तर येतं १२०च्या आसपास! म्हणजे कारखान्याने डिझेल हातचं राखलेलं नाही. हवाच तेवढी आहे.

मग पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवला की काय होतं? डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते. थोडा जोर वाढल्यासारखा वाटतो, ड्रायव्हर खूष होतो, आणि मागे काळा धूर सुटतो. तो धूर म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेलं आणि न जळलेलं डिझेल. बाकीचं उशिरा जळतं आणि उष्णता पिस्टनच्या डोक्यावर बसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. लांब चढावर अर्धा तास पाय दाबून ठेवला की त्याचा हिशेब लागतो.

टर्बोचं तसं नाही, हे कबूल. टर्बो खरोखर हवा देतो, आणि ताकद वाढवायची तर तोच प्रामाणिक मार्ग. पण कंपनीने ६९७ला टर्बो लावून १६१३ टीसी काढली, त्या नावातला १३ म्हणजे १३०च. एकशे साठ नव्हे. आणि झिजलेल्या लायनर-पिस्टनवर, जुन्या हेड गॅस्केटवर, थकलेल्या रेडिएटरवर कोणाच्या तरी गाडीतला उतरवलेला टर्बो चढवायचा, म्हणजे आजोबांना डोपिंग करून मॅरेथॉनला पाठवण्यासारखं झालं.

बरं, मिळणार किती? शंभराला पाच चढ धरा, १६ टन वजन, चाकांपर्यंत पोचणारे शंभर घोडे. गाडी ताशी २८ किलोमीटरने चढते. पंचवीस घोडे वाढवले, तर ३५ने. सहा किलोमीटरच्या चढात वाचली अडीच मिनिटं! त्या अडीच मिनिटांसाठी इंजिन पणाला लावायचं? आणि भाचेबुवा, १६ टनांच्या जागी २४ टन भरलेत तर तीच गाडी १९ने चढते. चिऱ्याच्या खाणीवर काटा नसतो हे मलाही माहीत आहे.

माझा अंदाज असा की या गाडीचे वीसेक घोडे आधीच पळालेत, ते परत आणणं सगळ्यात स्वस्त. एअर क्लीनर चिऱ्याच्या लाल धुळीने भरलेला असणार. नोझल किती दाबाला उघडतात ते तपासून घ्यायचे, टॅपेट, पंपाचं टायमिंग, डिझेल फिल्टर, फीड पंप. मग कॉम्प्रेशन. ब्रेक चाकाला घासत असतील तर तेही घोडेच खातात, क्लच घसरत असेल तर तोही. हे सगळं नीट करून पंप बेंचवर मूळ मापाला लावला, तर गाडी ओळखू येत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि ज्याबद्दल कोणीच बोललं नाही ते. परतीला हाच ट्रक साखरेची पोती भरून घाट उतरतो. टर्बो चढाला मदत करतो, उताराला ब्रेकचे ड्रम तेच राहतात. वर वेगात जायची सवय लागलेला ड्रायव्हर खाली गिअर टाकून सावकाश येईल असं मला वाटत नाही, आणि तो ड्रायव्हर आपल्याच गावचा, दोन लहान मुलांचा बाप आहे. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीशी न जुळणारा बदल असा परस्पर करता येत नाही. काही झालं तर विम्याच्या वेळी हा टर्बो निघेल.

ताई, तू हे वाचत असशील तर त्याला दाखव. मिस्त्रीला ॲडव्हान्स देऊ नको म्हणावं. रविवारी एअर क्लीनर उघड, आतला फोटो मला पाठव, आणि पंपाच्या सीलचाही. ते तुटलेलं असेल तर हा उद्योग आधीच्या मालकाने करून ठेवलाय.