दोन रुपयांच्या भागासाठी नागपूर

चंद्रपूर-गडचिरोलीत धानाच्या लोंब्या भरू लागल्या की रानडुकरांचे कळप बांधीत उतरतात. नेमकं तेव्हाच सौर कुंपणाचं झटका मशीन बंद पडलं, तर शेतकऱ्याच्या रात्री जागलीत जातात. मशीन उघडलं तर बिघाड बऱ्याचदा साधाच निघतो : डोकं फुगलेला कॅपॅसिटर, जळालेला मॉस्फेट, नाहीतर एखादा डायोड. यातले काही भाग दोन-पाच रुपयांचे. पण तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानात वायर आणि बल्ब मिळतात, मोबाइलवाल्याकडे डिस्प्ले आणि चार्जिंग जॅक. सुटे भाग खणाखणांत लावून ठेवणारी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं टीव्ही दुरुस्त करून घेणं थांबलं तशी मिटत गेली. मग चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं. भामरागड, सिरोंच्याच्या माणसाला तर आधी चंद्रपूरच लांब.

सुटे भाग न मिळणं हा केवळ इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्या मुलांचा प्रश्न नाही. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, निमिषभराचा झटका देतं. जनावर बिचकून मागे फिरतं, मरत नाही. कुंपणात थेट विजेच्या खांबावरून प्रवाह सोडला की मात्र वाघही मरतो आणि माणूसही, आणि असे मृत्यू या भागाला नवे नाहीत. बंद पडलेलं मशीन त्या गुन्ह्याचं समर्थन ठरत नाही. पण चालू मशीन त्या वाटेला जाण्याचं एक कारण तरी कमी करतं. सरकार जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान देतं. तेच कुंपण भागाअभावी बंद राहणार असेल, तर अनुदानाचा पैसाही वायाच गेला म्हणायचा. शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबचंही तेच. २०१६ पासूनच्या या योजनेत एका शाळेला २० लाखांपर्यंत निधी मिळतो, पण मुलांच्या हातून एक रेग्युलेटर जळला की बदली भाग गावात मिळत नाही.

ऑनलाइन मागवा, असं सहज सांगितलं जातं. पण पाच रुपयांच्या भागाला पोचवणावळ त्याच्या कितीतरी पट पडते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. शिवाय मागवायचं तर नंबर हवा, आणि जळालेल्या भागावरचा नंबर अनेकदा पुसलेला असतो. जुना दुकानदार सर्किट पाहून ‘हा नाही, पण हा चालेल’ असं सांगायचा. ते ज्ञान पार्सलने येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : असं दुकान परवडत नाही. खरंच परवडत नाही. शेकडो प्रकारचा माल भरायचा आणि दिवसाला गिऱ्हाईक एखाद-दुसरं. या हिशेबात कुणीही दुकान काढणार नाही. म्हणूनच हे काम बाजारावर सोडून चालणार नाही.

आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत इमारत आहे, सोल्डरिंगची टेबलं आहेत, शिक्षक आहेत. तिथेच नेहमी लागणाऱ्या दीड-दोनशे भागांचा साठा ठेवून तो खरेदीच्या भावाने कुणालाही विकता येईल. आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीला ठेवला, तर विद्यार्थ्यांना खऱ्या बिघाडावर हात बसवता येईल. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी कौशल्यविकासावर खर्च करता येतो, आणि या साठ्याला लागणारी रक्कम त्यापुढे किरकोळ आहे. जिल्हा प्रशासनाने चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आयटीआयपासून ही सोय पुढच्या खरिपाआधी सुरू करावी.