‘जपून’ म्हणजे नेमके किती?



गेल्या वर्षी माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो, त्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो आतल्या आत ठिसूळ होत गेला होता. हा आजार म्हातारपणीच होतो असे नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. शस्त्रक्रियेत तो गोळा काढून टाकला, मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवला, त्याच्या टोकावर गुळगुळीत कृत्रिम गोळा चढवला आणि कमरेच्या हाडातील उखळीला पॉलिथिलीनचे अस्तर दिले. तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ म्हणून जी आकृती आहे, तीच. फक्त सामान बदललेले.

घरी आलो आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारच्या काकांनी सायकल कुणाला तरी देऊन टाका म्हणून सांगितले. आई म्हणाली, “चालतोयस तेवढं पुष्कळ आहे. आता जपून राहा, बाबा.” प्राध्यापक-कक्षातही तेच. माझी सायकल म्हणजे काही हौस नव्हे. सांगलीत घरापासून कॉलेजपर्यंतचे पाच किलोमीटर मी वीस वर्षे सायकलनेच जात आलो, आणि रविवारी हरिपूरच्या संगमापर्यंत एक फेरी. ते सारे एका शब्दात संपवायचे का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. ‘जपून’ हा शब्द प्रेमाचा आहे, पण त्याला एकक नाही. आणि एकक न लिहिलेल्या उत्तराचे गुण आम्ही शिक्षक कापतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, आपण शाळेत बल आणि शरीर या दोन गोष्टी दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या आहेत. तरफ शिकवताना पहार येते, अडकित्ता येतो, कात्री येते. सांधा शिकवताना नावे दिलेली आकृती येते. सांधा हाच तरफेचा टेकू आहे, हे फार तर एका ओळीत सांगून आपण पुढे जातो. त्याचे फळ काय मिळते, याचा पुरावा मी स्वतःच आहे. लाज वाटते, पण सांगतो.

शस्त्रक्रियेच्या आधी चार महिने मी काठी घेऊन चालत होतो. दुखत होता उजवा खुबा, म्हणून काठी उजव्या हातात. मला ते इतके उघड वाटले की विचार करण्याचे कारणच दिसले नाही. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. तिने वॉकर दिला, पुढच्या टप्प्यात काठी कशी धरायची तेही दाखवले आणि ती माझ्या डाव्या हातात दिली. मी म्हणालो, “अहो, दुखरा पाय उजवा आहे.” ती हसून म्हणाली, “सर, म्हणूनच.” बल आणि आघूर्ण यांवर दर वर्षी व्याख्यान देणारा मी त्या रात्री पलंगावर पडून गणित केले. तुम्हीही करा.

समजा, तुमचे वजन ६० किलो आहे आणि तुम्ही उजव्या पायावर उभे आहात. चालताना प्रत्येक पावलाला तुम्ही क्षणभर असे उभे असताच. तो एक पाय साधारण १० किलोचा धरू; उरलेले ५० किलो उजव्या खुब्यावर तोलायचे आहेत. हे वजन खुब्याच्या डावीकडे सुमारे १० सेंटिमीटरवर खाली ओढते. शरीर डावीकडे कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ओढ घेतात, पण त्यांचे टेकूपासूनचे अंतर सुमारे ५ सेंटिमीटरच आहे. म्हणजे ५० गुणिले १० भागिले ५, स्नायूंना १०० किलोची ओढ द्यावी लागते. टेकूवर दोन्ही येतात : ५० अधिक १००, एकूण १५०. वजन ६०, आणि सांध्यावर दाब अडीचपट! (काटेकोर विद्यार्थी म्हणतील, बल न्यूटनमध्ये सांगा. बरोबर आहे, ९.८ने गुणा.)

आता डाव्या हातात काठी घ्या आणि तिच्यावर फक्त ५ किलोचा भार द्या. काठी उजव्या खुब्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर आहे. तिचे आघूर्ण ५ गुणिले ४०, म्हणजे २००. पाचशेतून दोनशे गेले, तीनशे उरले. स्नायूंची ओढ ६०वर आली. सांध्यावर ५० अधिक ६० वजा ५, म्हणजे १०५. हाताने पाच किलो दिले आणि सांध्यावरचे पंचेचाळीस किलो उतरले. काठी उजव्या हातात असती तर काय झाले असते, ते तुम्हीच काढा, चिन्हे सांभाळा. उत्तर पाहून तुम्हाला माझ्या चार महिन्यांची कीव येईल. त्या हातात काठी धरूनही थोडे बरे वाटे, हे खरे. पण ते मी नकळत उजवीकडे झुकत होतो म्हणून.

हे आकडे ढोबळ आहेत, पण खोटे नाहीत. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम सांध्याच्या आतच संवेदक आणि बिनतारी प्रक्षेपक बसवून, रुग्ण चालत असताना सांध्यावरचे बल प्रत्यक्ष मोजले आहे. साध्या चालण्यात ते वजनाच्या सुमारे अडीचपट भरते. त्याच गटाने २०१७ साली जागेवरच्या सायकलीची मोजमापे प्रसिद्ध केली. बेताच्या जोराने पॅडल मारताना सांध्यावरचे बल चालण्यापेक्षा बरेच कमी असते. कारण कळायला अवघड नाही. सायकलवर धड बसते सीटवर, हात टेकतात हँडलवर, आणि कलंडणारे शरीर एका पायावर तोलण्याचे कामच उरत नाही.

पण बल किती, एवढे विचारून भागत नाही. किती वेळा, हेही विचारले पाहिजे. कृत्रिम सांधा सहसा मोडत नाही, झिजतो. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयाचे सर्जन जॉन चार्नली यांना हे फार कष्टाने कळले. घर्षण कमीत कमी हवे म्हणून त्यांनी उखळीसाठी टेफ्लॉन निवडले. त्याहून निसरडे घन पदार्थ क्वचितच सापडतात. पण दोन-तीन वर्षांत ते झिजून गेले आणि पुष्कळ रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे! १९६२ साली यंत्रमागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चाके विकणारा एक विक्रेता रुग्णालयात आला. त्याच्याकडचा पॉलिथिलीनचा तुकडा चार्नलींना पसंत पडला नव्हता; त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तरीही यंत्रावर घासायला लावला. आठवडे गेले, तुकडा जवळजवळ तसाच. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून चार्नली पॉलिथिलीन वापरू लागले. आज माझ्या खुब्यात आहे तो त्याच्याच सुधारलेल्या वंशातला.

झीज ही दाब आणि घासले जाणारे एकूण अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून मी माझी पाच किलोमीटर मोजली. चालताना उजवे पाऊल दर १.४ मीटरला पडते. म्हणजे सुमारे ३,५०० भार. माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८, आणि चाकाचा परीघ २.१ मीटर. पॅडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून थोडी अधिक जाते. म्हणजे सुमारे हजार फेरे. दर फेऱ्यात सांधा चालतानाइतकाच, फार तर थोडा अधिक फिरतो. दाब कमी आणि आवर्तने एक तृतीयांशाहून कमी! २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पाहणीनुसार असे सांधे २५ वर्षे टिकण्याचे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. मला सत्तरीपर्यंत जायचे आहे, तेव्हा हा हिशेब माझ्यासाठी नुसता वहीतला नाही. अर्थात, चालणे सोडायचे नाही. हाडाला भार लागतोच.

मग भीती कशाची? माझ्या डॉक्टरांनी ती नेमकी सांगितली : “पॅडल मारा, पण पडू नका.” बर्लिनच्या त्याच संशोधनात एक-दोन रुग्ण चालताना अचानक अडखळले. न पडता सावरले, तरी त्या क्षणी सांध्यावर वजनाच्या सात-आठ पट बल आले. धोका पॅडलमध्ये नाही. चढण्यात, उतरण्यात आणि खड्ड्यात आहे. त्यातही एक पेच आहे. सीट खाली घेतली तर गुडघा खुब्याच्या वर जातो आणि सांधा नको तितका दुमडतो, निखळण्याची भीती वाढते. सीट वर घेतली तर थांबताना पाय जमिनीला पुरत नाही. आणि आपल्या उंच सायकलीच्या दांड्यावरून टांग टाकायची, तर नव्या सांध्याला सगळ्यात न मानवणारी हालचाल तीच.

मी मुलीची लेडीज सायकल घेतली. मधला दांडा नाही, हँडल उंच, चवडा जमिनीला टेकेल एवढी सीट. खुबा उजवा असल्याने थांबताना डावा, भरवशाचा पाय खाली येतो. डॉक्टरांच्या परवानगीने आधी दोन महिने जागेवरची सायकल, मग मोकळे मैदान, मग रस्ता. पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकात विद्यार्थी हसले. हसू द्या. दांडा असलेल्या सायकलीत पुरुषार्थ आहे, असे कोणत्याही पुस्तकात मला आढळलेले नाही.

मात्र एका प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर मिळाले नाही. सगळे आकडे मी घरी मोठ्या उत्साहाने मांडले. बायकोने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पुलाजवळच्या ट्रकचं गणित केलंत का?” ते मी केले नव्हते. तेथे माझे बल नाही, दुसऱ्याचे आहे. म्हणून आता मी सकाळी अर्धा तास लवकर निघतो आणि वर्दळीच्या चौकात उतरून सायकल हातात धरून चालतो.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे : तरफेच्या धड्यात पहारीशेजारी खुब्याचेही एक उदाहरण फळ्यावर सोडवा. पाच मिनिटे लागतात. आणि पी.टी.च्या तासाला ‘पायाला त्रास आहे’ म्हणून वर्षभर बाकावर बसवलेले एखादे मूल तुमच्या शाळेत असेल, तर त्याला कोणती हालचाल, किती आणि किती वेळा चालेल, हे त्याच्या डॉक्टरांकडून एकदा लिहून मागा. चिठ्ठीवर नुसते ‘विश्रांती’ असेल, तर ती परत पाठवा.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही वजनकाट्यावर काठी टेकवून पाच किलो म्हणजे किती दाबावे लागते ते पाहा. मग घरात आजी-आजोबांपैकी कोणी काठी वापरत असेल, तर त्यांचा दुखरा पाय कोणता आणि काठी कोणत्या हातात, याची नोंद करा. आमच्या गल्लीतल्या पाच काठ्यांपैकी तीन चुकीच्या हातात निघाल्या.