नवी घोंगडी की नऊ घोंगड्या?

कर्जमाफीचा विषय निघाला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात मोंढ्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत दोन तट पडतात. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने खरीप बुडाला. ऑक्टोबरात नागपूरला शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे आश्वासन राज्य सरकारने दिले. तेव्हापासून तर घराघरांत वाद रंगला. माझी हयात बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेली. त्या सवयीने मी हे वाद ऐकतो तेव्हा वाटते, कागद तपासावा तसा युक्तिवादही तपासून घ्यायला हवा.

दिसायला कारण, पण प्रत्यक्षात कारणाचा नुसता भास, याला आपल्या न्यायशास्त्रात ‘हेत्वाभास’ म्हणतात. आता नमुने पाहा.

पहिला पक्ष म्हणतो, “माफी मिळाली की लोक मोटारसायकल घेतात. आमच्या शेजारच्याने घेतली.” एका शेजाऱ्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा निवाडा! शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात शिजलेली असतात. शेतकऱ्यांचे तसे नाही. शिवाय माफीची रक्कम कर्जखात्यात जमा होते; हातात रोख पडत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, “उद्योगपतींची कर्जे माफ होतात, मग आमची का नाही?” इथे शब्दाची गल्लत आहे. बँक कर्ज ‘राइट-ऑफ’ करते तेव्हा ते ताळेबंदातून काढते. कर्जदाराची देणेदारी संपत नाही, वसुलीचा हक्क राहतो. माफीत देणेच संपते. अशा शब्दाच्या खेळाला न्यायशास्त्रात ‘छल’ म्हणतात. त्याचे जुने उदाहरण मोठे गमतीचे आहे. एकाने सांगितले, हा माणूस ‘नवकंबल’ आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. ऐकणारा म्हणतो, “याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर दिसते!” मात्र छल उघडा पाडला म्हणून मूळ प्रश्न मिटत नाही. राइट-ऑफ केलेल्या मोठ्या कर्जांची वसुली थोडीच का होते, हे विचारलेच पाहिजे.

तिसरा नमुना कावळ्याचा. २००८ साली केंद्राने कर्जमाफी दिली, नंतर थकबाकी वाढली. म्हणून माफीने सवय बिघडली, असे छातीठोकपणे सांगितले जाते. सवय बिघडलीही असेल. पण २००९ साली देशात मोठा दुष्काळ होता, हे कोणी सांगत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर आधी फांदी किडकी होती का ते पाहावे.

चौथा नमुना सर्वांत घातक: “माफीला विरोध करता, म्हणजे तुम्ही शेतकऱ्याचे वैरी,” किंवा “बाजू घेता, म्हणजे तुमचेच कर्ज थकलेले असणार.” इथे मुद्दा सोडून माणसावर घसरणे झाले. माणूस कोणीही असो, त्याने मांडलेला हिशेब बरोबर की चूक, एवढेच पाहायचे.

या गदारोळात बुडतो तो खरा प्रश्न. २००८ च्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. त्याहून जास्त जमीन असणाऱ्याने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. आता सांगा, तीन हेक्टर कोरडवाहूवाला अधिक सुखी की दीड हेक्टर ओलितात हळद घेणारा? २०१७ ला दीड लाखाची आणि २०१९ ला दोन लाखांची मर्यादा आली. पण खासगी सावकाराचे कर्ज काढलेला माणूस या योजनांच्या यादीत कुठे होता? आणि माफीनंतर पुन्हा कर्ज का थकते? भाव, पीकविमा, सिंचन यांवर बोलणे माफीच्या बाजूने वा विरोधात नसते. ते शेतकऱ्याच्या बाजूने असते.

सत्य शोधायचे तो वाद, जिंकण्यासाठी करायचा तो जल्प, आणि स्वतः काही न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडायचे ती वितंडा, असे तीन प्रकार आपल्या पूर्वजांनी केले. त्यातला ‘वितंडवाद’ तेवढा आपण रोजच्या बोलण्यात ठेवला! पुढच्या वेळी घरात वाद पेटला तर समोरच्याला एवढेच विचारा: “काय दाखवले तर तुमचे मत बदलेल?” त्याच्याकडे उत्तर असेल तर बसा आणि बोला. मग त्याच प्रश्नाचे आपलेही उत्तर द्या.