यंत्राची शिकवणी आणि माणसाची उमेदवारी

संगणकावरील खेळ म्हणजे मुलांनी अभ्यास बुडविण्याची नवी सबब, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडील अनेक घरांत आजही आहे. वस्तुतः असा एखादा मोठा खेळ उभा करण्यासाठी शेकडो चित्रकार, लेखक, नट आणि प्रोग्रॅमर वर्षानुवर्षे राबत असतात. या उद्योगात 'मशीन लर्निंग'ने, म्हणजे यंत्रशिक्षणाने, जो प्रवेश केला आहे, त्याचा विचार म्हणूनच केवळ खेळणाऱ्यांवर सोपवून चालणार नाही.

यंत्राला नियम पढविण्याऐवजी त्याच्यापुढे असंख्य उदाहरणे ठेवावयाची आणि त्यांतील संगती त्यानेच शोधावयाची, हे या विद्येचे मूळ सूत्र. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१८ मध्ये 'कमिट असिस्टंट' नावाचे साधन जाहीर केले. कंपनीच्या सुमारे दहा वर्षांच्या प्रोग्रॅमांचा अभ्यास करून, नव्या लेखनात चूक कोठे संभवते, याचा इशारा ते देते. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या संशोधन विभागाने 'बॅटलफील्ड वन' हा खेळ स्वतःच खेळावयास शिकलेला प्रोग्रॅम दाखविला. खेळांची चाचणी हा त्याचा एक संभाव्य उपयोग. २०२३ मध्ये युबिसॉफ्टनेच 'घोस्टरायटर' पुढे आणले. खेळातील गर्दीच्या तोंडची किरकोळ वाक्ये ते कच्ची लिहून देते. त्यांतून निवड व दुरुस्ती लेखकाने करावयाची.

यात आक्षेपार्ह काय, असा प्रश्न कोणीही विचारील. एकाच भिंतीवर शंभर वेळा आदळून ती भेदली जाते का, हे पाहण्यात माणसाने दिवस का घालवावा? हा प्रश्न रास्त आहे. रटाळ श्रम यंत्राने उचलावेत, याला विरोध करणे शहाणपणाचे नव्हे. तुटपुंज्या भांडवलावर खेळ निर्माण करणाऱ्या लहान गटांना तर अशी साधने वरदानच ठरू शकतात.

परंतु रटाळ काम हीच पुष्कळदा विद्येची पहिली पायरी असते, हे विसरून चालणार नाही. जुनी प्रकरणे चाळता चाळता कारकुनाला नियमांमागील कारणे उमगतात. वह्या तपासता तपासता शिक्षकाला मुलाची चूक कोठून उगवते, हे कळू लागते. तसाच चाचणी करणारा तरुण, खेळ कोठे मोडतो हे पाहत, तो कसा घडतो हे शिकत असतो. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे आणि तेथे चाचणीचेही काम चालते. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा नाही. उमेदवारीची पायरीच काढून घेतली, तर उद्याचे निष्णात कारागीर येणार कोठून? यंत्राची चूक ओळखण्यासाठीही अखेर जाणता माणूसच लागतो.

दुसरा प्रश्न संमतीचा. यंत्र शिकते ते माणसांच्याच श्रमांवर. अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा या नटांच्या संघटनेने २६ जुलै २०२४ रोजी खेळनिर्मात्यांविरुद्ध संप पुकारला, त्याचे प्रमुख कारण हेच होते. आपला आवाज आणि आपल्या हालचाली यांची यांत्रिक प्रतिकृती आपल्या अनुमतीविना व मोबदल्याविना वापरली जाऊ नये, ही त्यांची मागणी होती. जवळजवळ वर्षभराने, जून २०२५ मध्ये, संप स्थगित झाला. जुलैमध्ये मंजूर झालेल्या करारात संमती आणि माहिती देण्याचे बंधन मान्य करण्यात आले. संघटना होती म्हणून हे घडले. चाचणी करणाऱ्या असंघटित तरुणाच्या पाठीशी कोण उभे राहणार?

यंत्र अडवावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्या कामावर यंत्र पोसले गेले, त्यांना विचारावे. आणि यंत्रामुळे वाचलेल्या वेळाचा व पैशाचा एक वाटा नवोदितांच्या शिक्षणाकडे वळवावा, एवढेच मागणे आहे. यंत्राला शिकविण्यासाठी जो उद्योग दहा वर्षांचे दप्तर उघडू शकतो, त्याला माणसाच्या शिकवणीसाठी वेळ नाही, ही सबब मान्य करता येणार नाही.