टेलिकॉलरचे कसब आणि यंत्राची स्क्रिप्ट

अनोळखी माणसाला फोन करून कर्ज, क्रेडिट कार्ड किंवा सदनिका विकणाऱ्या तरुण-तरुणींचा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या शिबिरांत क्वचितच निघतो. हमाल, एस. टी. कर्मचारी, अंगणवाडी सेविका यांचे प्रश्न चळवळीच्या परिचयाचे आहेत. कानाला हेडफोन लावून दिवसभर नकार ऐकणारा टेलिकॉलर मात्र अद्याप कामगार म्हणून तिच्या नजरेत भरलेला नाही. उलट त्याचा फोन आला की कार्यकर्ताही इतरांसारखाच त्याच्यावर खेकसतो. आता या टेलिकॉलरने काय बोलावे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतले जाऊ लागले आहे. या बदलाकडे केवळ तांत्रिक सुधारणा म्हणून पाहणे म्हणजे त्यातील मालकीचा प्रश्न नजरेआड करणे होय.

विक्रेत्याच्या तोंडी ठरावीक शब्द घालण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा मालक जॉन पॅटरसन याने १८८७ मध्ये विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका काढली व ती शब्दशः पाठ करण्याची सक्ती केली. तिचा आधार कोणता, तर कंपनीचा एक यशस्वी विक्रेता असलेल्या त्याच्या मेहुण्याची बोलण्याची रीत. एका माणसाचे कसब कागदावर उतरले आणि मालकाच्या मालकीचे झाले. १९११ साली टेलरने याच व्यवहाराला शास्त्राचा दर्जा दिला. १९७४ साली हॅरी ब्रेव्हरमनने त्याचे मर्म उघड केले. विचार करण्याचे काम कामगाराकडून काढून घ्यायचे आणि त्याच्याकडे केवळ अंमलबजावणी ठेवायची, हे ते मर्म.

पॅटरसनला एका मेहुण्याचे बोलणे टिपून घ्यावे लागले. आजची कंपनी हजारो फोन टिपून ठेवते. कोणत्या वाक्याला ग्राहकाने फोन ठेवला, कोणत्या वाक्याला तो थांबला, हे संगणक वेगळे काढतो. मग मालाची माहिती, ग्राहकाचे वय, गाव आणि नेहमीच्या हरकती यंत्रापुढे ठेवल्या की काही मिनिटांत सुरुवातीची दहा वाक्ये आणि प्रत्येक हरकतीचे उत्तर तयार होते. ‘पगार झाल्यावर बघू’ याला एक उत्तर, ‘घरच्यांना विचारून सांगते’ याला दुसरे. संध्याकाळी विक्रीचा आकडा पाहून त्यातले एक राहते, बाकीची गळतात. (या स्क्रिप्टांच्या मराठीविषयी न बोललेले बरे. ‘मी आपला अमूल्य वेळ घेऊ शकतो का?’ असे सांगली-साताऱ्याकडचे कोणते माणूस बोलते?) परंतु मुरलेल्या टेलिकॉलरच्या कसबाचा हा अर्धाच भाग झाला. पलीकडे मूल रडताना ऐकू आले, तर ‘ताई, संध्याकाळी करते’ म्हणून ती फोन ठेवते. ‘कर्ज’ हा शब्द उच्चारताच पलीकडचा आवाज बदलला, तर हा माणूस आधीच हप्त्यांखाली दबलेला आहे हे तिला कळते, आणि ती तो नंबर सोडून देते. कसे विकावे याबरोबरच कोणाला विकू नये, हेही तिने अनेक वर्षांच्या शिव्या खाऊन शिकलेले असते. यंत्र यातील पहिला भाग उचलते. दुसरा टाकून देते, कारण सोडून दिलेल्या ग्राहकाची नोंद टार्गेटच्या तक्त्यात नुकसान म्हणूनच होते.

याचा मजुरीवर काय परिणाम होतो? एरिक ब्रिन्यॉल्फसन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो विक्रीचा नव्हे, लेखी संवादातून ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा होता. यंत्राने सुचवलेल्या उत्तरांमुळे त्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. नवख्यांची ३४ टक्क्यांनी, आणि अनुभवी कर्मचाऱ्यांची जवळजवळ नाहीच. याचे कारण उघड आहे. यंत्राने जे शिकवले ते त्याच अनुभवी मंडळींकडून घेतलेले होते. परभणीहून आलेल्या, पहिल्याच आठवड्यात बोलताना अडखळणाऱ्या मुलीला स्क्रिप्टचा आधार मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. यंत्राला सरसकट विरोध करणे म्हणजे समाजवाद नव्हे. मात्र त्या मुलीला शिकवण्याचा मोबदला पाच वर्षांच्या अनुभवी सहकाऱ्याला मिळालेला नाही. उलट नवखी आणि जुनी सारखेच काम करू लागल्यावर अनुभवाची वेतनवाढ का द्यावी, असा युक्तिवाद व्यवस्थापनाच्या हाती आयता पडतो.

कसब वर गेले, जबाबदारी मात्र खालीच राहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या नागरिकांना धमकावले जात होते. सुमारे सातशे कर्मचारी ताब्यात घेतले गेले आणि त्यांतील सत्तर जणांना अटक झाली. हा विक्रीचा नव्हे, उघड फसवणुकीचा मामला होता आणि हातात दिलेला मजकूर वाचणारे निर्दोष होते असेही नाही. तथापि कायद्याचा हात प्रथम वाचणाऱ्यावर पडतो, हे तेथे दिसले. उद्या कर्जाच्या स्क्रिप्टमध्ये यंत्राने व्याजाचा दर सोयीस्करपणे मोघम ठेवला, तर ‘आमच्या प्रतिनिधीने चुकीची माहिती दिली’ असे कंपनी म्हणेल. यंत्रावर तर खटला भरता येत नाही.

सरकारी नियंत्रणाचा भर वेगळ्याच ठिकाणी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१८ ची विनियमावली आणि १९०९ या क्रमांकाची व्यवस्था प्रामुख्याने फोन कोणी केला व कोणाच्या संमतीने केला, हे पाहते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये दळणवळण आयोगाने यंत्रनिर्मित आवाजातील फोन १९९१ च्या कायद्याखाली आणले. पण यंत्राने लिहिलेले शब्द जिवंत माणसाने उच्चारले, की तो निर्णय लागू होत नाही.

या बाबतीत कामगार चळवळीपाशी स्वतःचा अनुभव आहे. १९७६ च्या कायद्याने औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण मिळाले, ते त्यांच्या संघटनांनी लढून मिळवलेले होते. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाविषयी बँकांशी करार केला आणि कोणती यंत्रे कोणत्या कामासाठी आणावीत, हा वाटाघाटीचा विषय बनवला. टेलिकॉलरांसाठीही मागण्या अशाच नेमक्या असल्या पाहिजेत. प्रत्येक स्क्रिप्टवर ती संमत करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव असावे व तिची प्रत जतन व्हावी. टिपून घेतलेले फोन यंत्राला शिकवण्यासाठी वापरायचे, तर तो हिस्सा वेतनात दिसावा. ग्राहकाला सोडून देण्याचा किंवा स्क्रिप्टबाहेर जाऊन खरे सांगण्याचा निर्णय घेतल्याबद्दल कोणाचाही इन्सेंटिव्ह कापला जाऊ नये.

अडचण अशी की या मुलांची नेमणूक बहुधा ठेकेदारामार्फत असते, वर्षभरात निम्मे चेहरे बदलतात आणि काचेच्या इमारतीला गिरणीसारखे गेट नसते. पण रात्रपाळी सुटल्यावर ती सगळी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर उभी असतात. खराडी, हिंजवडी, मालाड येथील शाखांनी पहिल्या भेटीगाठी तेथेच सुरू कराव्यात, आणि सोबत १९८३ च्या कराराचा मराठी गोषवारा न्यावा.